दहा सेंटची बीअर आणि डॉलरचा हॉट डॉग, दोन्ही राडे एकच नव्हेत

आमच्या ऑफिसात बेसबॉलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, अरे ते नाही का, स्वस्तात खायला-प्यायला दिलं आणि पब्लिकने स्टेडियममध्ये राडा घातला, मॅच बंद पडली. मग निम्मे लोक क्लीव्हलँडची गोष्ट सांगायला लागतात, निम्मे फिलाडेल्फियाची, आणि पाच मिनिटांत दोन्हीची अशी भेळ होते की ऐकणाऱ्याला वाटावं फिलीत, म्हणजे फिलाडेल्फियात, हॉट डॉग खाऊन लोकांनी खेळाडूंवर हल्ला केला. असं काही झालेलं नाहीये. मी फिलीच्या जवळच, नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत राहतो, इथे हा घोळ इतक्यांदा ऐकलाय की एकदा बसून नीट लिहावं म्हटलं.

आधी एक गोष्ट, म्हणजे हे टीमवाले असलं काही करतात तरी कशाला. बेसबॉलच्या सीझनमध्ये एका टीमच्या घरच्या मैदानावर ८१ मॅच असतात, ८१! आपल्याकडे आयपीएलला घरच्या मैदानावर सातेक असतात आणि त्यातही तिकिटांची मारामारी. इथे एप्रिलमधल्या मंगळवारी रात्री, थंडी असताना, दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस असताना, स्टेडियमला कोण येणार? मग काहीतरी आमिष दाखवावं लागतं, कधी फुकट टोपी, कधी खेळाडूची मुंडी हलणारी बाहुली, कधी डॉलरला हॉट डॉग. गंमत म्हणजे ज्या दोन रात्रींबद्दल मी बोलतोय त्या दोन्ही मंगळवारच्याच.

पहिली रात्र ४ जून १९७४ ची. क्लीव्हलँड इंडियन्स विरुद्ध टेक्सास रेंजर्स. क्लीव्हलँडचं ते जुनं म्युनिसिपल स्टेडियम म्हणजे सत्तर हजारांहून जास्त माणूस मावेल एवढं अवाढव्य, आणि टीम अशी की रोज बहुतेक खुर्च्या रिकाम्या. तर त्यांनी काढली टेन सेंट बीअर नाइट, एरवी ६५ सेंटला मिळणारा ग्लास १० सेंटला. नियम काय, तर एका वेळी सहाच ग्लास. पण 'एका वेळी', कळलं ना, सहा घ्या, प्या, परत लायनीत या, परत सहा घ्या, मोजणारं कोणी नाही. बीअर ३.२ टक्केवाली, म्हणजे तशी हलकी, पण क्लीव्हलँडच्या ओहायो राज्यात त्या काळी ती १८ वर्षांच्या पोरांनाही मिळायची, त्यामुळे कॉलेजची पोरं झुंडीने आलेली. २५ हजारांवर पब्लिक जमलं. एका टप्प्यावर तर लोक आउटफिल्डच्या कुंपणामागे उभ्या केलेल्या बीअरच्या ट्रकपाशी रांग लावून थेट तिथेच ग्लास भरून घेत होते.

त्यात आणखी एक काडी आधीच पडलेली होती, जी सांगायचं सगळे विसरतात. सहाच दिवस आधी टेक्सासमध्ये याच दोन टीमची मॅच होती, तिथेही स्वस्त बीअरचीच रात्र होती, आणि तिथे खेळाडूंची आपसात हाणामारी झाली होती. म्हणजे क्लीव्हलँडचं पब्लिक येतानाच हिशेब चुकता करायच्या मूडमध्ये आलेलं.

पुढचं मग टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. एक बाई मैदानात उतरून अंपायरची पप्पी घ्यायला गेली, कोणी कपडे काढून धावलं, एका बाप-लेकाच्या जोडीने आउटफिल्डमध्ये जाऊन पँटी खाली केल्या, आणि तोवर सगळे हसतच होते हो! मग नववी, म्हणजे शेवटची इनिंग. क्लीव्हलँडने मागून येऊन ५-५ केले होते, जिंकायची धाव काढू शकणारा खेळाडू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर उभा होता, म्हणजे खरं तर घरची टीम जिंकायलाच आलेली. तेवढ्यात एक पोरगा धावत गेला रेंजर्सच्या जेफ बरोज नावाच्या राइट फील्डरकडे, त्याची टोपी हिसकवायला. बरोज त्याच्याशी झटापट करता करता धडपडला. लांब डगआउटमधून रेंजर्सचा मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत कोच, बिली मार्टिनला वाटलं आपला माणूस पाडला, आणि तो हातात बॅट घेऊन सुटला, मागे अख्खी टीम, तेही बॅटा घेऊन. पब्लिकही उतरलं. आणि मग क्लीव्हलँडचा मॅनेजर केन अ‍ॅस्प्रोमोंटे, त्याने आपल्या खेळाडूंना बॅटा घेऊन रेंजर्सना वाचवायला पाठवलं, म्हणजे घरची टीम आपल्याच प्रेक्षकांपासून पाहुण्यांना सोडवतेय! मुख्य अंपायर नेस्टर कायलाकच्या डोक्याला लागलं, रक्त आलं, आणि त्याने मॅच टेक्सासला बहाल करून टाकली. बेसबॉलमध्ये अशी बहाल केलेली मॅच कागदावर ९-० लिहितात, त्यामुळे मेहनतीने केलेले ते ५-५ पण गेले पाण्यात.

आता फिलाडेल्फिया. फिलीज टीमची डॉलर डॉग नाइट १९९७ पासून चालू होती. भाव तेव्हा एक डॉलर, २०२३ लाही एकच डॉलर, म्हणजे साधारण ८२ रुपये, आणि तेवढ्यात अमेरिकन स्टेडियममध्ये एरवी पाण्याची बाटलीसुद्धा येत नाही. मी एकदा गेलोय अशा रात्री, ऑफिसच्या पोरांबरोबर. आता जे सांगतो ते नीट बघा कारण सगळी मेख तिथेच आहे. लाइन इतकी मोठी की एकदा उभं राहिलं की इनिंग गेलीच, त्यामुळे प्रत्येक जण काय करतो, तर पुढच्या दोन तासांचं एकदमच उचलतो. आमच्यातला एक जण पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दहा-बारा घेऊन आला. चांदीच्या कागदात गुंडाळलेले, वाफेने पाव ओला होऊन कागदाला चिकटलेला. पहिला गरम, मस्टर्ड लावून मजा आली, दुसरा बरा, तिसऱ्याला सॉसेज कोमट आणि पावाचा लगदा. चौथा मांडीवर तसाच. आमच्यातली एक मैत्रीण शाकाहारी, ती नुसता पाव आणि मस्टर्ड खाऊन उठली, तिचे दोन सॉसेज आणखी कुणाच्या तरी मांडीवर. पाचव्या इनिंगला आजूबाजूला बघितलं तर सगळीकडे तेच, लोकांच्या मांड्यांवर, खुर्च्यांखाली, चांदीचे गोळे, गार पडलेले, आणि एकेकाची किंमत फक्त एक डॉलर.

हातात मावेल असा गोळा, वजन बेताचं, लागला तरी फार लागणार नाही, फेकला तर नुकसान शून्य. हपापाचा माल गपापा. ११ एप्रिल २०२३ ला मायामी मार्लिन्सविरुद्ध तेच झालं, स्टँडमध्ये लोक एकमेकांवर हॉट डॉग फेकायला लागले, मैदानातही पडले, काही जणांना बाहेर काढलं. पण मॅच? मॅच व्यवस्थित संपली. मार्लिन्स ८-४ ने जिंकले आणि त्यांच्या लुईस अराएझने त्याच रात्री सायकल पूर्ण केली, म्हणजे एकाच मॅचमध्ये सिंगल, डबल, ट्रिपल आणि होम रन चारही मारले, मार्लिन्सच्या इतिहासात पहिल्यांदाच. बिचाऱ्याच्या एवढ्या मोठ्या रात्रीची आठवण काढली की लोकांना आधी सॉसेज आठवतं.

तर फरक हा आहे. क्लीव्हलँडला स्वस्त वस्तू पोटात गेली आणि तिथून डोक्यात चढली, फिलीत स्वस्त वस्तू पोटात गेलीच नाही, हातात उरली. तिकडे भाव पाडल्याने माणसं जास्त प्यायली, इकडे भाव पाडल्याने माणसांनी खाता येईल त्यापेक्षा जास्त घेतलं, आणि जे उरतं त्याचं दारूगोळ्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. फिलीत कोणी प्यायलेलं नव्हतं असं म्हणायचं नाहीये मला, पोरं हॉट डॉगमध्ये वाचवलेले पैसे बीअरवरच घालवतात, पण बीअर त्या रात्री नेहमीच्याच भावाची होती, स्वस्त होता तो फक्त हॉट डॉग. आणि हेही खरं की फिलीजचा मॅस्कॉट फनॅटिक, म्हणजे हिरव्या केसाळ प्राण्याचा वेष घातलेला टीमचा माणूस, स्वतः खांद्यावर तोफ घेऊन स्टँडमध्ये हॉट डॉग उडवतो, लोक टाळ्या वाजवतात, मग पब्लिकने फेकला तर एवढं आश्चर्य कशाचं!

हे नातं एकदा लक्षात आलं की बाकीच्या घटना कुठल्या खणात टाकायच्या ते आपोआप कळतं. १० ऑगस्ट १९९५ ला लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सनी आत येणाऱ्यांना बेसबॉलचे चेंडू फुकट वाटले. खाणं नाही, पिणं नाही, पण ही घटना सख्खी बहीण आहे ती फिलीची. पंचांच्या निर्णयावर पब्लिक भडकलं, हातात काय, तर चेंडू, माकडाच्या हाती कोलीत, झाली बरसात आणि नवव्या इनिंगमध्ये मॅच सेंट लुईस कार्डिनल्सना बहाल. बरोबर चार वर्षांनी, १० ऑगस्टलाच आणि पुन्हा कार्डिनल्सच्याच मॅचमध्ये, फिलीच्या लोकांनी जे. डी. ड्रू नावाच्या खेळाडूवर बॅटरीचे सेल फेकले, कारण फिलीजनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडलं होतं आणि तो आलाच नाही. पण सेल काही कोणी गेटवर वाटत नव्हतं, ते ठरवून घरून आणलेले. तो निव्वळ राग. आपल्याला १९९६ चं ईडन गार्डन आठवतं ना, सेमीफायनल, भारत १२० वर ८, बाटल्या पडल्या, श्रीलंकेला मॅच बहाल आणि विनोद कांबळी रडत बाहेर, ते त्या खणातलं. तिथे स्वस्त काहीच नव्हतं.

उपायही बघा दोघांनी वेगळे केले, आणि दोघांचेही बरोबर होते असं माझं मत. क्लीव्हलँडने दहा सेंटची बीअर बंद केली असं सगळे सांगतात ते चूक आहे. त्याच वर्षी जुलैत परत ठेवली, भाव तोच १० सेंट, फक्त त्या भावात माणशी किती ग्लास याला मर्यादा घातली. ४० हजारांवर लोक आले, काही झालं नाही. म्हणजे घोळ भावात नव्हता, मोजण्यात होता. फिलीजना मोजून उपयोग नव्हता, कारण हॉट डॉग फेकायला एकही पुरतो, तिथे भावच बदलायला हवा होता. म्हणून २०२४ मध्ये त्यांनी डॉलर डॉग नाइट बंद केली आणि २ आणि १६ एप्रिलला एकावर एक फुकट ठेवलं, दोन्ही परत मंगळवारच! आता पहिल्याचे नेहमीचे पैसे मोजलेत म्हटल्यावर दुसरा फेकायला हात धजत नाही, असा हिशेब असावा. इथल्या लोकांनी काय आरडाओरडा केला, २७ वर्षांची परंपरा वगैरे, रेडिओवर तर जणू कुणी गेल्यासारखं वातावरण होतं.

बीअरवाल्या भीतीचं एक शेपूट मात्र अजून शिल्लक आहे. बऱ्याच स्टेडियममध्ये सातव्या इनिंगनंतर बीअर बंद करतात, उरलेल्या वेळात माणूस जरा शुद्धीवर यावा आणि मग गाडी चालवावी म्हणून. २०२३ ला पिचर किती वेळात चेंडू टाकणार त्याचं घड्याळ आलं, मॅच वीस-पंचवीस मिनिटांनी लवकर संपायला लागल्या, तशा काही टीमनी बीअर आठव्या इनिंगपर्यंत वाढवली, धंदा बुडतो ना. त्यावर जाहीरपणे नाराज कोण झाला, तर फिलीजचाच पिचर मॅट स्ट्रॅम, म्हणाला मॅच लवकर संपत असेल तर बीअर उलट लवकर बंद करा, लोकांना घरी गाडी चालवत जायचंय. आणि हे कधी, तर त्याच एप्रिलमध्ये, ज्या महिन्यात त्याच्याच मैदानात सॉसेज उडत होते.

क्लीव्हलँडला गेलात तर टेन सेंट बीअर नाइटचे टी-शर्ट मिळतात, छान छापलेले, तारखेसकट. ज्या रात्रीची लाज वाटायची ती आता लोक छातीवर मिरवतात. माझ्या मित्राने घेतलाय एक, साधारण तीस डॉलरला, म्हणजे त्या रात्रीच्या भावाने तीनशे ग्लास.