आजींनी आज चहा नको म्हटलं

सोमवारी सकाळी आत्याने चहा नको म्हटलं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आयुष्य गेलेली माझी ८४ वर्षांची आत्या, बशीत ओतून, फुंकर मारून चहा पिणारी. तापाने फणफणलेली असतानाही तिने चहा कधी सोडला नव्हता. वृद्धाश्रमात तिचं करणाऱ्या मावशींच्या ते लक्षात आलं होतं. पण संध्याकाळी त्यांची ड्यूटी संपली आणि दुसऱ्या दिवशी ब्युरोने दुसऱ्याच मावशी पाठवल्या. नव्या मावशींना आजी शांत वाटल्या. बुधवारी जरा जास्तच शांत वाटल्या. गुरुवारी रात्री मला फोन आला, "ताई, आजी उठत नाहीत." हॉस्पिटलात कळलं की लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. थर्मामीटरवर ताप ९९. आश्रमाच्या रजिस्टरमध्ये सोमवार ते गुरुवार एकच शब्द होता, 'नॉर्मल'.

आत्या त्यातून वाचली, पण त्यानंतर आधाराशिवाय चालली नाही. तो आश्रम काही वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. हिरवळ होती, गणपतीचं देऊळ होतं, संध्याकाळी हरिपाठ, जेवण गरम. हे सगळं बघूनच मी तिला तिथे ठेवलं होतं. खरं काय बघायला हवं होतं ते नंतर कळत गेलं, आणि त्यात बरंचसं शरीरशास्त्र आहे.

तापाचंच घ्या. जंतू शिरले की प्रतिकारशक्तीच्या पेशी रसायनं सोडतात. ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचली की तो शरीराचं तापमान वर चढवतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरतात, अंग तापतं. वय वाढतं तशी या साखळीची प्रत्येक कडी ढिली होते. रसायनांना मिळणारा प्रतिसाद मंदावतो, थरथरायला स्नायूच कमी उरलेले असतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाचं मूळ तापमानही बऱ्याचदा थोडं खाली असतं. म्हणून वृद्धांच्या निवासी संस्थांसाठी अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांनी निकष ठरवले, तेव्हा १०० फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप तर त्यात धरलाच, पण त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांहून जास्त वाढ हाही तापच मानला. आत्याचं नेहमीचं तापमान ९७ च्याही जरा खालीच. म्हणजे ९९ हा तिचा ताप होता. पण तिचं नेहमीचं किती, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

मेंदूचंही तसंच. तरुणपणी संसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ, नवीन गोळी यातलं काहीही मेंदू सहज पचवतो. ऐंशीनंतर त्याच्याकडे ती शिल्लक नसते. शरीरात कुठेही बिघडलं की त्याचा पहिला परिणाम पुष्कळदा मेंदूच्या कामावर दिसतो. याला डेलिरियम म्हणतात. आजोबा अचानक आरडाओरडा करू लागले, बायकोला ओळखेनात, तर सगळे धावतात. पण याच आजाराचा दुसरा प्रकार गप्प करून टाकणारा आहे. माणूस झोपाळू होतो, कमी बोलतो, घास तोंडात धरून बसतो. त्याचा कुणालाच त्रास होत नाही, आणि म्हणूनच तो हमखास नजरेतून सुटतो. 'आजी आज शांत आहेत' हे वाक्य ऐकलं की आता माझ्या पोटात गोळा येतो.

मग हे ओळखायचं कुणी? अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये याचा अभ्यास झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मदतनिसांना एक साधा कागद दिला होता आणि आज काही वेगळं वाटलं का, एवढंच त्यावर टिपायला सांगितलं होतं. आजाराची नोंद अधिकृत केसपेपरवर येण्याच्या सरासरी पाच दिवस आधी ती त्यांच्या कागदावर आलेली होती. पुढे अमेरिकेत अशी कार्डंच तयार झाली. आज कमी बोलल्या, कमी जेवल्या, पाणी कमी प्यायल्या, चालायला जास्त आधार लागला, तीन दिवस पोट साफ नाही. यातल्या कशासाठीही डिग्री लागत नाही, पण काल काय होतं ते ठाऊक असावं लागतं. आत्याच्या पहिल्या मावशींना ते ठाऊक होतं. त्यांनी बरोबर ओळखलं होतं, फक्त ते ऐकून घ्यायला आणि लिहून ठेवायला तिथे जागा नव्हती.

वृद्धाश्रमातली सुरक्षितता मला आता इथेच दिसते. म्हाताऱ्या माणसाची तुलना पुस्तकातल्या आकड्याशी करून भागत नाही, त्याची स्वतःच्याच कालच्या दिवसाशी करावी लागते. तो कालचा दिवस कुणाच्या तरी डोक्यात हवा, किंवा वहीत.

आत्याला मग धायरीच्या बाजूला एका छोट्या आश्रमात हलवलं. बारा खाटा, हिरवळ नाही. पहिल्याच दुपारी तिथल्या मावशींनी तिच्या अंगावरची चादर पायाकडून वर केली, टाच हातात घेतली आणि अंगठ्याने दाबली. सोडली. पुन्हा दाबली. "दाबलं की पांढरं पडतंय आणि परत भरतंय बघा. म्हणजे अजून बरं आहे." मग दुसऱ्या टाचेला हाताची पालथी बाजू लावून बराच वेळ बसल्या. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा ती जागा गरम लागते का, घट्ट लागते का, ते हातानेच बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकं हेच सांगतात.

त्या बघत होत्या ती बेडसोअरची सुरुवात. एकाच जागी पडून राहिल्याने होणारी ही जखम होते ती रक्त न पोचल्यामुळे. १९३० मध्ये शरीरशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी निरोगी माणसांच्या बोटांतल्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांमधला दाब मोजला. रक्त आत शिरतं त्या टोकाला तो साधारण ३२ मिलिमीटर भरला. बीपी आपण ज्या एककात मोजतो, त्याच एककात. माकडहाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटलेल्या मांसावर यापेक्षा कितीतरी जास्त दाब येतो. झोपेतही आपण नकळत कूस बदलत राहतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. ज्याला स्वतःहून वळता येत नाही, त्याच्या हाडाजवळचं मांस तासाभरात उपाशी पडू लागतं. नुकसान पुष्कळदा आत, हाडालगत सुरू होतं आणि वरची कातडी सगळ्यात शेवटी फाटते. जखम दिसते तोवर ती आत बशीएवढी झालेली असू शकते.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा जुना नियम. गादी जास्त घनतेच्या (हाय-डेन्सिटी) फोमची असेल तर तीन किंवा चार तासांनीही तेवढंच संरक्षण मिळतं, असं २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधल्या एका अभ्यासात दिसलं. रात्रीची झोप मोडत नाही, हा मोठाच फायदा. पण चार तास म्हणजे चारच, 'सकाळी बघू' नव्हे. एअर बेड आणला की आता वळवायला नको, ही समजूत मी पुण्यात कितीतरी घरांत ऐकली आहे. ती चुकीची आहे.

तोंडाची स्वच्छता ही अशीच दुर्लक्षित गोष्ट. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या वृद्धांचे दात, हिरड्या, जीभ प्रत्येक जेवणानंतर मदतनिसांनी घासून दिली. त्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात १९ टक्के. कारण सरळ आहे. गिळण्याची ताकद कमी झाली की झोपेत लाळ फुप्फुसात उतरते, आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर जातात. म्हणून आजोबांची कवळी रात्री कुठे असते, हे आश्रमात विचारण्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

पडण्याची भीती सगळ्यांनाच असते, आणि तिच्यापायी भलते उपाय होतात. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले संवेदक ते ओळखून नाडी वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात. म्हातारपणी त्यांना उशीर होतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर तो दोष मानतात. त्यात रात्री दोनला लघवी लागते, झोपेच्या गोळीचा अंमल असतो, बाथरूमला ओली शहाबादी फरशी असते. यावर कॉटला जाळी लावून किंवा ओढणीने बांधून उपाय होत नाही. बांधल्याने पडणं कमी होत असल्याचा पुरावा नाही, आणि जाळी ओलांडू पाहणारा माणूस जास्त उंचीवरून पडतो. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने सोयीसाठी बांधून ठेवायला बंदी घातली. शिवाय झोपवून ठेवल्याची किंमत वेगळीच. निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस झडलं होतं. आजी पडू नयेत म्हणून त्यांना उठूच द्यायचं नाही, ही आपण प्रेमाने केलेली इजा आहे. काठावर दोन मिनिटं बसवून मग उभं करायचं, झोपायच्या आधी बाथरूमला नेऊन आणायचं, फरशी कोरडी ठेवायची, भिंतीला दांडा बसवायचा. खर्च म्हणाल तर दांड्याचा.

आरोग्यसेवेचे अभ्यासक डॉ. एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासायचे तीन भाग सांगितले, रचना, प्रक्रिया आणि परिणाम. आपण नातेवाईक आश्रम बघायला जातो ते रचना बघून येतो. खोली, लिफ्ट, हिरवळ. परिणाम कळतो तेव्हा फोन आलेला असतो. मधली प्रक्रिया मात्र कुणीही बघू शकतं, त्यासाठी काल रात्रीचं पान दाखवा म्हणायचं. दोन वाजता कुणाची कूस बदलली, किती पाणी गेलं, वजन मागच्या महिन्यात किती होतं. महिन्यात ५ टक्के वजन उतरणं हा धोक्याचा इशारा समजतात, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो. वजनकाटा नसलेला आश्रम मी बघितला आहे, आणि त्याचं डिपॉझिट लाखांत होतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात वृद्धाश्रमातल्या सेवांचे निकष ठरवण्याचं काम राज्याकडे दिलेलं आहे. ते निकष खाटेपाशी पोचतात की नाही, हे बघायला शेवटी आपलेच डोळे लागतात. तक्रारीसाठी, सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आणि विचारायचंच तर हेही विचारा की इथल्या मावशी किती दिवसांपासून आहेत. बारा तासांची ड्यूटी, तुटपुंजा पगार आणि दर आठवड्याला नवा चेहरा असेल, तर कालचा दिवस कुणाच्याच लक्षात राहणार नाही. त्यांना टिकवून धरणं, हा माझ्या मते औषधोपचाराचाच भाग आहे.

धायरीच्या आश्रमात त्यांनी माझ्याकडून एक पान लिहून घेतलं. आत्याचं नेहमीचं तापमान, बीपी, किती पोळ्या खाते, कोणत्या कुशीवर झोपते, चहा कसा घेते. मला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. महिनाभराने गेले तर त्या पानाखाली मावशींच्या अक्षरात एक ओळ वाढली होती. 'आजींना उठवताना डावा हात धरू नये, खांदा दुखतो, सांगत नाहीत.'