पार्श्वभूमी: पोस्टमन जॉन प्राइन आणि ग्रीन नदीकाठचं पॅराडाइस

अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइनचा जन्म 10 ऑक्टोबर 1946चा, शिकागोजवळच्या मेवूडमधला. पण त्याच्या गाण्यांचं मूळ केंटकीतल्या म्यूलनबर्ग परगण्यात आहे. आईवडील तिथले. सुट्टीत सगळे ग्रीन नदीकाठच्या पॅराडाइस गावी जात. गिटार वाजवण्याची अंगठ्याची पद्धत याच कोळशाच्या पट्ट्यात रुजली. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून ती हातोहात पुढे गेली आणि गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसने देशभर नेली.

जॉन चौदाव्या वर्षी थोरला भाऊ डेव्हकडून गिटार शिकला. त्याची बोटं याच पद्धतीच्या सोप्या रूपात चालत. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) धरली की अंगठा दर मात्रेला पाचवी, चौथी, पाचवी, चौथी तार छेडतो. तर्जनी आणि मधलं बोट मात्रांच्या मधल्या जागी बारीक तारांवर पडतात. नवशिक्याचा अंगठा बोटांमागे धावतो आणि ठेका तुटतो. म्हणून बोलता बोलताही चुकेनासा होईपर्यंत नुसता अंगठा घोटायचा, मग बोटं घ्यायची.

लष्करात जाण्याआधी जॉन टपाल वाटत असे; परतल्यावर तो पुन्हा तेच करू लागला. रस्त्याकडेला पोस्टमनच्या पिशव्या ठेवायच्या मोठ्या पेट्या असत. वाऱ्यापासून आडोसा म्हणून तो पेटीत शिरून सँडविच खाई. टपाल वाटता वाटताच कितीतरी गाणी जुळली. ऑक्टोबर 1970मध्ये समीक्षक रॉजर एबर्टने ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात या गाणाऱ्या पोस्टमनबद्दल लिहिलं, आणि 1971मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली.

तिच्यातलं ‘पॅराडाइस’ हे गाणं तीन मात्रांचं आहे: पहिलीला खर्ज, पुढच्या दोन्हींना झणकार. गाण्यात गाव गिळल्याचा दोष पीबडी या खाणकंपनीच्या कोळसागाडीवर येतो. प्रत्यक्षात शेजारच्या वीजकेंद्राची राख गावावर पडू लागली, म्हणून ते केंद्र चालवणाऱ्या टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने घरं विकत घेतली आणि 1967मध्ये पाडली. तरी केंद्राला कोळसा लागत होताच. त्यामुळे गाण्यातला संताप खोटा नाही.

1981मध्ये त्याने ‘ओ बॉय’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय टिकणं सोपं नव्हतं. 7 एप्रिल 2020 रोजी नॅशव्हिलमध्ये कोविडने त्याचं निधन झालं. त्याआधी 1998च्या सुमारास मानेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि आवाज जाड, खरखरीत होऊन खाली उतरला. कॅपोने, म्हणजे गिटारच्या दांड्यावर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, पट्टी चढते, उतरत नाही. त्यामुळे गिटार सैल लावायचं किंवा कॉर्ड बदलायच्या, एवढेच मार्ग उरतात. त्याने जुनी गाणी खालच्या पट्टीत बसवली, आणि ती त्याला स्वतःलाच नव्याने आवडू लागली.