भिंती आल्या, पाणी राहून गेलं : ग्रामीण शाळांतल्या मुलींच्या शौचालयांची पार्श्वभूमी

सकाळी शाळेला निघताना पाणी प्यायचं नाही, ही सवय खेड्यातल्या मुलींना शिकवावी लागत नाही. मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे ती आपसूक येते. दुपारची खिचडी खाल्ल्यावर दोन घोटांवर भागवायचं आणि घर गाठेपर्यंत लघवी धरून ठेवायची. पोटात दुखतं, जळजळ होते, पण ते बोलायचं कुणाजवळ? पाळीच्या दिवसांत तर घरीच राहिलेलं बरं.

जिल्हा परिषदेची जुनी शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि मैदान. मुलगे भिंतीमागे जाऊन येत. मुलींनी कुठे जायचं, हा प्रश्न आराखड्यात नसेच. अर्थात तेव्हा गावातही संडास कुठे होते? कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोप्या, स्वस्त संडासाचे प्रयोग केले. देहूच्या आरोग्य केंद्रात १९५९ साली रुजू झालेल्या डॉ. मापुस्करांनी तेच काम हयातभर पुढे नेलं. मैल्याचं खत किंवा गॅस कसा होईल, हा या दोघांच्या कामाचा गाभा होता. संडास बांधून झाल्यावर पुढे काय, याचं उत्तर त्यांनी आधीच शोधलेलं असे. नंतरच्या सरकारी योजनांत नेमका हाच भाग हरवला, असं मला वाटतं.

केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६ साली सुरू झाला, पण त्याचा भर घरोघरच्या शौचालयांवर होता. मुलींची हजेरी वाढावी म्हणून १९९२ पासून महाराष्ट्रात दुर्बल घटकांतल्या मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. हेतू चांगलाच होता. पण रुपया घ्यायला आलेल्या मुलीला दिवसभर आडोसा नव्हता. शाळेतलं शौचालय हा योजनेचा रीतसर भाग झाला तो १९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानात. पाठोपाठ राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, गावागावांत चुरस लागली, शाळेच्या आवारातही शौचालयं उभी राहिली.

मग कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगवेगळी शौचालयं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी, दोन्ही सक्तीचं झालं. ‘प्रथम’ ही संस्था ग्रामीण शिक्षणाची ‘असर’ नावाची पाहणी करते. त्याच वर्षीच्या ‘असर’मध्ये देशातल्या ग्रामीण शाळांपैकी जेमतेम एकतृतीयांश शाळांत मुलींचं शौचालय वापरण्याजोगं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं : ३० नोव्हेंबरपर्यंत निदान तात्पुरती आणि वर्षाअखेर पक्की शौचालयं उभारा. जिथे शौचालय नाही तिथे आईबाप मुलींना पाठवत नाहीत, हे न्यायालयाने त्या आदेशातच नमूद केलं. पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला आणखी सहा महिन्यांची मुदत द्यावी लागली.

१५ ऑगस्ट २०१४ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र शौचालय उभारण्याची घोषणा केली. वर्ष सरताच ४ लाख १७ हजार शौचालयं झाल्याचं सरकारने सांगितलं. त्यांतली बरीच सार्वजनिक उपक्रमांनी, म्हणजे सरकारी मालकीच्या कंपन्यांनी, बांधली होती. महालेखापरीक्षकांच्या पथकांनी त्या उपक्रमांची २,६९५ शौचालयं जागेवर जाऊन पाहिली. त्यांचा अहवाल २०२० साली संसदेत आला. काही शौचालयं जागेवर नव्हतीच, काही अर्धवट होती. जी उभी होती, त्यांतल्या ७२ टक्क्यांत वाहतं पाणी नव्हतं आणि ५५ टक्क्यांत हात धुवायची सोय नव्हती. शौचालय बांधलेलं असूनही मुख्याध्यापक त्याच्या दाराला कुलूप का लावतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. पाण्यावाचून ते शौचालय आठवडाभरही वापरण्यासारखं राहत नाही.

पाळीचा विषय तर सरकारी कागदावर फार उशिरा आला. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०११ च्या सुमारास आशाताईंमार्फत ६ रुपयांत ६ पॅड द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना आणली : जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड, तेही बचतगटांमार्फत. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठे? झाकणाची बादली नसेल तर ते संडासाच्या भांड्यात जातं, भांडं तुंबतं आणि दाराला पुन्हा कुलूप लागतं. पॅड जाळणाऱ्या भस्मक यंत्राला वीज लागते, आणि थकलेल्या बिलापायी कित्येक शाळांची वीज तोडलेली असते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला शाळकरी मुलींच्या पाळीतील स्वच्छतेबाबत देशभर एकसारखं धोरण ठरवायला सांगितलं.

२ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या जलजीवन मिशन या नळपाण्याच्या योजनेने शाळांना नळ देण्याची १०० दिवसांची मोहीम चालवली. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत वापरण्याजोग्या मुलींच्या शौचालयांचं प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं होतं. २०१० च्या मानाने ही मोठी मजल आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र झाडून-धुऊन घेणारं माणूस अजून सापडलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून शाळांना मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी आहे. पन्नास-साठ पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार मिळतात, म्हणजे स्वच्छतेच्या वाट्याला अडीच हजार, महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास. त्यात फिनेल, झाडू, साबण आणि साफ करणाऱ्या बाईची मजुरी बसवायची आहे.