लांगदोकची वाइनगावं: तटबंदी, तळघर आणि सहकारी गोदाम

लांगदोक हा दक्षिण फ्रान्समधला वाइनचा प्रदेश. तिथल्या नार्बोन, बेझिए आणि कार्कासोन या शहरांभोवतीच्या गावांना सरसकट 'मध्ययुगीन' म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गावाचा आकार मध्ययुगातला, पण बरीचशी घरं एकोणिसाव्या शतकात वाइनच्या पैशावर उभी राहिलेली, आणि वेशीबाहेर दिसणारी भलीमोठी इमारत म्हणजे विसाव्या शतकातलं शेतकऱ्यांचं सहकारी वाइन-गोदाम.

आकारापासून सुरुवात करू. अकराव्या-बाराव्या शतकांत इथल्या सरदारांनी विखुरलेली वस्ती चर्च किंवा गढीभोवती एकवटली. कार्कासोनच्या पश्चिमेला ब्राम गावात आजही चर्चभोवती घरांची वर्तुळं दिसतात. बाहेरच्या रांगेतल्या घरांच्या मागच्या भिंती हाच तट, त्यामुळे तिथे खिडक्या जवळपास नसत.

मिनेर्व या गावाची तऱ्हा वेगळी. दोन नद्यांच्या घळींमधल्या खडकावर ते बसलं आहे, तटाची फारशी गरजच नव्हती. कमजोरी होती पाण्याची. १२१० साली सिमों द मोंफोरच्या धर्मयोद्ध्यांनी समोरच्या कड्यावर दगडफेकी यंत्रं मांडली आणि गावाच्या पायथ्याच्या विहिरीची वाटच उद्ध्वस्त केली. ऐन उन्हाळ्यात, सुमारे सात आठवड्यांनी, गाव शरण आलं. पंथ सोडायला नकार देणाऱ्या सुमारे १४० कॅथारांना, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, जिवंत जाळण्यात आलं. हा इतिहास समजून घ्यायचा तर वरच्या गल्लीत थांबू नये, विहिरीपर्यंत उतरावं. खालच्या सेस नदीचं पात्र उन्हाळ्यात कोरडं असतं आणि नदीने कोरलेल्या बोगद्यातून चालत जाता येतं. पाऊस झाला असेल तर मात्र तिथे जाऊ नये.

द्राक्षं इथे रोमन काळापासून आहेत, इ.स.पू. ११८ मध्ये नार्बोन वसलं तेव्हापासूनचा हा धंदा. तरी पुढची अनेक शतकं गावं गहू, ऑलिव्ह आणि मेंढ्यांवर जगली. चित्र पालटलं ते वाहतुकीमुळे. १६८१ साली मिदी कालवा सुरू झाला, पण खरा झटका दिला रेल्वेने. १८५७ साली बोर्दो-सेत मार्ग पूर्ण झाला आणि गव्हाची शेतं उखडून सपाटीवर आरामों जातीची द्राक्षं आली. हेक्टरी २०० हेक्टोलिटरच्या, म्हणजे २०,००० लिटरच्याही वर उतारा, पण वाइन पातळ आणि फिकी. कारखान्यांतल्या कामगारांना ती चाले. त्या पैशाची घरं अजून उभी आहेत: तळमजल्याला गाडी आत जाईल एवढं कमानीचं दार, आत लाकडी पिंपांचं तळघर, घोड्याचा तबेला, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आणि सर्वांत वर कडब्याचा माळा. माळ्याच्या खिडकीवर कप्पीचा लोखंडी आकडा अजून दिसतो का, ते मान वर करून बघावं.

मग फिलॉक्सेरा ही वेलीच्या मुळांवरची कीड आली. १८६३ च्या सुमारास गार जिल्ह्यात वेली कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ साली मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनी ही कीड ओळखली. युरोपीय वेलीच्या मुळांना कीड डसली की जखम कुजते. अमेरिकन वेल जखमेभोवती बुचासारखा थर धरते. म्हणून अमेरिकन खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, युरोपीय वेलीचा डोळा बांधून कलम करायचं, हाच तोडगा टिकला. काही खुंट चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडत, म्हणून संकर करावे लागले. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना परिचित '११० आर' हा त्याच संकरपरंपरेतला खुंट. त्यातला 'आर' म्हणजे दक्षिण फ्रान्समधले रोपवाटिकाकार रिश्टर.

बागा सावरल्या, पण तुटवड्याच्या काळात साखरपाण्याची आणि बेदाण्यांची वाइन बाजारात मुरली होती. त्यात अल्जेरियाची आयात. भाव कोसळले. ११ मार्च १९०७ ला आर्जेलिए गावातून आंदोलनाचे पुढारी मार्सेलें आल्बेर यांच्यासोबत ८७ जण दाद मागायला नार्बोनला चालत निघाले. ९ जूनला मोंपेलिएत लाखोंचा जनसागर होता. जूनच्या उत्तरार्धात नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली, आणि स्थानिक पोरांचीच भरती असलेल्या १७ व्या पलटणीने बंड केलं. भेसळीविरुद्धचा कायदा २९ जूनला झाला.

छोट्या शेतकऱ्याकडे साठवणीची जागा नव्हती, म्हणून पीक आलं की पडेल भावाला विकावं लागे. बेझिएजवळच्या मारोसां गावाने यावर उपाय काढला: १९०१ मध्ये एकत्र विक्री, १९०५ मध्ये सामाईक गोदाम, फ्रान्समधलं पहिलं. पुढे जवळपास प्रत्येक गावात असं गोदाम झालं. १९८० च्या दशकात सें-शिनियां, फोजेर, मिनेर्वुआ, कोर्बिएर या भागांतल्या वाइनना मूळ प्रदेशाच्या नावाचा अधिकृत दर्जा मिळाला, सपाटीवरच्या कित्येक बागा अनुदान घेऊन उपटल्या गेल्या आणि अनेक गोदामं एकमेकांत विलीन झाली.

जी गोदामं चालू आहेत, त्यांतल्या कित्येक ठिकाणी सुटी वाइन लिटरवर मिळते, पण कॅन आपला न्यावा. दुपारी १२ ते २ बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा तो वेळ जेवणाला ठेवावा. मिनेर्वमध्ये गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर लावावी लागते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणी चालते. तेव्हा अरुंद रस्त्यांवर द्राक्षांच्या ट्रॉल्या असतात, त्यांना आधी वाट द्यावी.