पन्नास किलोंचा स्वभाव

ग्रेट डेन, मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड असा एखादा थोराड कुत्रा समोरून येताना दिसला की बघणाऱ्यांत दोन तट पडतात. काहींना तो साक्षात काळ वाटतो, ते रस्ताच बदलतात. काहींच्या लेखी तो भोळा सांब असतो, अंगानं एवढा मोठा म्हणजे मनानं गरीबच असणार! दोन्ही तटांनी पाहिलेला असतो तो फक्त देह. ज्यांच्या घरात असे कुत्रे वावरतात त्यांचे अनुभव या दोन्हींत बसत नाहीत. एकाच वेताची दोन पिल्लं असतात. बेल वाजली की एक पलंगामागे दडतं आणि दुसरं पाहुण्याच्या पावलांवर बसून त्याला जागचं हलू देत नाही. वजन दोघांचंही पन्नास किलो.

कुत्र्यांना ज्याचा त्याचा स्वभाव असतो, हे पाळणाऱ्यांना कधीच कुणी सांगावं लागलं नाही. विज्ञानानं मात्र ते जरा कुरकुरतच मान्य केलं. लाळेच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध झालेल्या इव्हान पावलॉव्हला प्रयोगशाळेतले कुत्रे एकसारखे वागत नाहीत हे फार लवकर दिसलं होतं. कुणी लगेच उत्तेजित व्हायचं, कुणी नव्या जागी अंग चोरून बसायचं. त्यानं मज्जासंस्थेच्या ठेवणीवरून त्यांचे चार प्रकार पाडले. पुढे २००३मध्ये सॅम्युएल गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या व्यक्तिमत्त्वाचं मोजमाप करायच्या पद्धती कुत्र्यांना लावून पाहिल्या. उत्साह, माया, भावनिक अस्थिरता आणि हुशारी या चार बाबतींत मालकांनी आपापल्या कुत्र्यांचं वर्णन केलं आणि त्या कुत्र्यांना पूर्वी कधीच न पाहिलेल्या परीक्षकांनी त्यांना प्रत्यक्ष वागताना पाहून गुण दिले. दोन्हींचा मेळ माणसांच्या बाबतीत बसतो जवळपास तितकाच बसला. ‘आमचा जरा भित्रा आहे हो’ या वाक्यात निव्वळ लाड नसतात, बऱ्यापैकी अचूक निरीक्षण असतं.

मग हा स्वभाव येतो कुठून? पिल्लू घेताना बहुतेक जण ‘जात’ हेच उत्तर धरून चालतात. या समजुतीला सर्वांत मोठा धक्का २०२२मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं दिला. कॅथलीन मॉरिल, एलिनॉर कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८,३८५ कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून मिळवली आणि त्यांतल्या २,१५५ कुत्र्यांचा जनुकीय आराखडा वाचला. शुद्ध जातीच्या कुत्र्यांसोबत संकरित कुत्रेही यात भरपूर होते. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता आला. माणसाच्या सूचना ऐकण्याची तयारी जातीशी त्यातल्या त्यात घट्ट जोडलेली निघाली. कुत्रा किती पटकन चिडतो यावर जातीचा प्रभाव जवळजवळ दिसलाच नाही, आणि धिप्पाड कुत्र्यांविषयी लोकांना नेमकी धास्ती असते ती याचीच.

शरीराचं गणित वेगळं आहे. कुत्र्यांच्या जातींमधला आकारातला फरक थोड्या जनुकांनी बराचसा समजावता येतो. आयजीएफ-१ या एकट्या जनुकाच्या वाट्याला त्यातला सुमारे पंधरा टक्के फरक जातो. स्वभावामागे मात्र असंख्य जनुकं असतात. प्रत्येकाचा प्रभाव चिमूटभर, आणि त्यावर संगोपनाचे थर. त्यामुळे पैदास करणारा माणूस काही पिढ्यांत उंची बदलू शकतो, पण शांत स्वभावाची हमी देऊ शकत नाही. दिली तर ती ऐकून सोडून द्यावी, असं माझं मत.

नऊ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हेही खरं. जिथे शेकडो पिढ्या एकाच कामासाठी निवड झाली तिथे जातीचा ठसा उठून दिसतो. कंगाल, ग्रेट पिरेनीज यांसारखे मेंढ्यांचे राखणदार कुत्रे घ्या. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्यानं त्यांच्यावर अनेक वर्षं काम केलं. नजर लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकड आणि चावा ही शिकारीची साखळी. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत तिच्या सुरुवातीच्या कड्या अतोनात तीव्र झाल्या आहेत. राखणदार कुत्र्यांत ती साखळीच निजलेली असते. शिवाय या पिल्लांना अगदी कोवळ्या वयापासून कळपातच वाढवतात, म्हणून मेंढ्या त्यांच्या लेखी घरच्या होतात. नामिबियात चीता कॉन्झर्वेशन फंड ही संस्था १९९४पासून अशा तुर्की राखणदार कुत्र्यांची पिल्लं शेतकऱ्यांना देते आहे. कुत्रा कळपापाशी उभा असला की चित्ता बहुधा फिरकत नाही, आणि शेतकऱ्याला चित्त्यावर बंदूक उचलावी लागत नाही.

असाच कुत्रा चार भिंतींच्या घरात आला की काय होतं? तो दिवसभर लोळतो, रात्री जागा होतो, गच्चीवर खुट्ट झालं तरी दणदणीत भुंकतो आणि ‘ये’ म्हटल्यावर आधी विचार करतो. मालक म्हणतो, हट्टी आहे, ऐकत नाही. पण मेंढपाळ झोपलेला असताना, कुणाच्या हुकमाविना, लांडग्याचं काय करायचं हे ठरवणारेच कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. त्याच्या वंशात आज्ञाधारकपणाला कधी फारसा भाव मिळालेलाच नाही.

लॅब्रेडॉरची कथा नेमकी उलटी. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण दर चार लॅब्रेडॉरपैकी एकात पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. भूक आवरण्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोचवण्यात या जनुकाचा वाटा असतो. तो तुकडा नसलेले कुत्रे खाण्यामागे जास्त लागतात आणि जास्त जाड होतात. अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्रेडॉरमध्ये या बदलाचं प्रमाण तीन चतुर्थांशाच्या घरात निघालं. खाऊसाठी काहीही करायला तयार असलेला कुत्रा शिकवायला सोपा, म्हणून कदाचित नकळत त्याचीच निवड होत गेली असावी. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली: हे कुत्रे विश्रांतीच्या वेळी सुमारे पंचवीस टक्के कमी ऊर्जा जाळतात. ‘कितीही घाला, याला पुरत नाही’ म्हणून ज्याची चेष्टा होते, त्या बिचाऱ्याला दोन जेवणांच्या मधे खरोखर भूक लागलेली असते.

आता देहाचा स्वभावावर काही परिणाम होतो का? होतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. २०१३मध्ये पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी अनेक जातींची उंची, वजन आणि कवटीची ठेवण त्यांच्या वागणुकीशी ताडून पाहिली. जाती जसजशा बुटक्या तसतशा कटकटीच्या सवयी वाढत गेलेल्या दिसल्या. यात थोडा वाटा मेंदूचा असू शकेल. सात हजारांहून जास्त कुत्र्यांच्या २०१९च्या एका अभ्यासात मोठ्या मेंदूच्या जातींनी समोरच्या खाऊवर जास्त वेळ संयम ठेवला आणि तो कुठे लपवला हे जास्त वेळ लक्षात ठेवलं. माणसाचे इशारे समजण्यात मात्र त्या सरस ठरल्या नाहीत.

मला त्याहून मोठा वाटा आपला वाटतो. २०१०मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी लहान आणि मोठ्या कुत्र्यांच्या मालकांची तुलना केली. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत होते आणि शिकवण्या-खेळण्याला वेळही कमी देत होते. चार किलोंचा कुत्रा गुरगुरला की लोक हसतात, मोबाइल काढून चित्रफीत घेतात. पन्नास किलोंचा गुरगुरला की घरात बैठक भरते, ट्रेनर शोधला जातो. मोठ्या कुत्र्याला लोक लहानपणापासून गांभीर्यानं घेतात. त्याचा जो शांतपणा आपण जातीच्या खात्यावर जमा करतो, तो पुष्कळदा या गांभीर्याची कमाई असते.

हे गांभीर्य वेळेवर यावं लागतं, कारण देह थांबत नाही. अतिविशाल जातींचं पिल्लू पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या सुमारे शंभरपट होतं. सहा किलोंचं असताना अंगावर उडी मारणं गोड वाटतं. सहा महिन्यांनी त्याच उडीनं आजी जमिनीवर पडतात. पिल्लाच्या हिशेबी काहीच बदललेलं नसतं. त्यातच तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांमधला काळ विशेष नाजूक असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रदीर्घ प्रयोगांतून हे दाखवलं आणि १९६५मध्ये सविस्तर मांडलं. या आठवड्यांत माणसं, मुलं, इतर कुत्री, वाहनं, जिने, छत्र्या यांची सौम्य ओळख झाली नाही तर पुढे भीती घर करते. भेदरलेला लहान कुत्रा उचलून घेता येतो. भेदरलेला सेंट बर्नार्ड कोण उचलणार?

मग येतं पौगंड. २०२०मध्ये ल्यूसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी अंधांचे मार्गदर्शक म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांत पाहिलं, की आठव्या महिन्याच्या आसपास ते ‘बस’ ही आज्ञा कमी पाळू लागतात, आणि तेही फक्त सांभाळणाऱ्या घरच्या माणसाची. परक्यानं सांगितलं तर ऐकतात! वयात आलेली मुलं घरात असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. हा काळ सरतो. पण धिप्पाड कुत्र्याची ताकद तोवर माणसाच्या बरोबरीची झालेली असते, म्हणून नेमक्या याच वयात बरेच जण घाबरून जोर-जबरदस्ती सुरू करतात.

‘त्याला दाखवून द्या घरातला म्होरक्या कोण’ हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७मध्ये मांडलेल्या, पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. डेव्हिड मेक यांनी १९९९मध्ये स्पष्ट केलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. पोर्तुगालमध्ये २०२०मध्ये झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली, धड्यानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलं. मोठ्या कुत्र्याबाबत तर साधा व्यवहारही आहे. पट्ट्याच्या रस्सीखेचीत तुम्ही हरणार आणि आपण जिंकू शकतो हे त्याला कळणार. त्यापेक्षा ती रस्सीखेच सुरूच न होऊ देण्यात, खाऊ आणि शाबासकी देऊन सोबत चालायला शिकवण्यात शहाणपण आहे.

रोजच्या सहवासात स्वभावाचं कोडं शरीराच्या चष्म्यातूनही वाचावं लागतं. वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ कमी, म्हणून थोराड कुत्र्याच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. भर उन्हात तो मधेच बसकण मारतो तेव्हा तो आळस नसतो, धापा टाकून शरीर थंड करायची धडपड असते. खोल छातीच्या जातींत पोट फुगून जठर पिळवटण्याचा धोका असतो. पोट ताणलेलं, कुत्रा अस्वस्थ, ओकाऱ्या कोरड्या, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. हा तासांचा खेळ असतो.

आणि आयुष्य आखूड. २०१३मध्ये ७४ जातींच्या नोंदींवरून निघालेला हिशेब असा, की सरासरीनं दर दोन किलो जादा वजनामागे आयुष्य साधारण एका महिन्यानं घटतं. मोठे कुत्रे उशिरा म्हातारे होत नाहीत, उलट त्यांचं म्हातारपण भराभर सरकतं. सहा-सात वर्षांचा ग्रेट डेन ज्येष्ठ नागरिक असतो. वजन आटोक्यात ठेवणं एवढंच मालकाच्या हातात असतं, पण ते थोडंथोडकं नाही. एका दीर्घ प्रयोगात जोडीदारापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला मिळालेले लॅब्रेडॉर जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.

सांध्यांचा हा मुद्दा थेट स्वभावाशी येऊन भिडतो. आयुष्यभर समंजस असलेला कुत्रा सातव्या वर्षी नातवंडांवर गुरगुरायला लागला, तर घरचे ‘बिघडला’ म्हणतात. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकारी २०२०मध्ये सांगतात, की वर्तनाच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे आलेल्या कुत्र्यांपैकी किमान एक तृतीयांशांत कुठली ना कुठली वेदना असते. मोठा कुत्रा कण्हत नाही. तो उठताना वजन पुढच्या पायांवर घेतो, जिन्यापाशी क्षणभर थबकतो, कमरेवर हात ठेवला की मान वळवून पाहतो. उतारवयात अचानक मोठ्या आवाजांना घाबरू लागणं हेही कधी कधी याच दुखण्याचं लक्षण असतं. दचकून स्नायू आखडले की दुखरा सांधा आणखी दुखतो. अशा वेळी ट्रेनरच्या आधी पशुवैद्य गाठावा आणि चालतानाचं, उठतानाचं चित्रण सोबत न्यावं, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा लंगडणंसुद्धा विसरतो. घरातलं आयबुप्रोफेन मात्र देऊ नये, कुत्र्यांना ते विषारी ठरतं. पशुवैद्यानं दिलेल्या वेदनाशामकावर काही आठवडे नीट काढले आणि गुरगुरणं ओसरलं, तर बिघडला होता तो सांधा.