सेंडमेलच्या जागी कोण?

कोपऱ्यात चालत असलेला सर्व्हर आपलं दुखणं बहुतेक वेळा ईमेलने कळवतो. रात्रीचा बॅकअप फसला की 'क्रॉन', म्हणजे ठरलेल्या वेळी कामं उरकणारा प्रोग्रॅम, एक मेल धाडतो. खरं तर मेल पाठवणं क्रॉनला येतच नाही. तो 'सेंडमेल' नावाचा प्रोग्रॅम चालवतो आणि मजकूर त्याच्या हवाली करून मोकळा होतो.

एरिक ऑलमन यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिहिलेला सेंडमेल १९८३ साली बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आला आणि एवढा पसरला, की बाकीच्या प्रोग्रॅमांनी त्याचं नाव गृहीतच धरलं. पुढे पोस्टफिक्स, एक्झिम हे मेल सर्व्हर प्रोग्रॅम आले, पण तेही या नावाला ओ देतात. मात्र ज्या सर्व्हरला मेल स्वीकारायचीच नाही, फक्त पाठवायची आहे, त्याला एवढा पसारा कशाला? म्हणून अनेकांनी तिथे 'एसएसएमटीपी' हा इवलासा प्रोग्रॅम बसवला. आलेला मजकूर खऱ्या मेल सर्व्हरकडे सरकवायचा, एवढंच त्याचं काम.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या जुलै २०१९ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतून एसएसएमटीपी वगळला गेला. कारण सुरक्षेचं होतं. मेल सर्व्हरशी बोलताना तो संवाद कूटबद्ध करी, पण समोरच्याची ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासत नसे. दाराला भक्कम कडी लावायची आणि आत कोण आलंय ते बघायचंच नाही, असा हा प्रकार. मध्येच कुणी तोतया सर्व्हर उभा केला, तर मेल आणि पासवर्ड दोन्ही त्याच्या हाती.

गंमत अशी, की अपग्रेड केल्यावर जुना प्रोग्रॅम आपोआप जातोच असं नाही. तो डिस्कवर राहतो, मेलही पाठवत राहतो. फक्त त्याला दुरुस्त्या मिळणं थांबतं. त्यामुळे बदलायची निकड कुणाला जाणवत नाही.

पर्याय म्हणून सहसा 'एमएसएमटीपी' सुचवला जातो. तो प्रमाणपत्र तपासतो. पण डेबियनमध्ये नुसता तोच बसवला, तर 'सेंडमेल' हे नाव रिकामंच राहतं. ते नाव त्याच्याकडे वळवणारं 'एमएसएमटीपी-एमटीए' हे छोटं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. ते विसरलात तर क्रॉन तक्रार करत बसत नाही. मेल पाठवणारं कुणी बसवलेलं नाही, मजकूर टाकून देतोय, अशा अर्थाची एक ओळ लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. बिघाडाची बातमी ज्या वाटेने यायची तीच वाट बंद, मग बिघाड कळणार कसा?

दुसरी अडचण पत्त्याची. क्रॉन मेल पाठवतो ती नुसत्या 'रूट', म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, नावावर; पुढे ना ॲट ना डोमेन. जुन्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एका ओळीत रूटचा खरा पत्ता देता येई. नव्यात 'रूट'सारख्या टोपणनावांचे खरे पत्ते लिहिलेली फाइल कुठे आहे ते सांगावं लागतं, नाहीतर बाहेरचा मेल सर्व्हर असा अर्धवट पत्ता बहुधा नाकारतो. म्हणून चाचणी हाताने मेल पाठवून करण्यात फारसा अर्थ नाही, कारण तेव्हा आपण पूर्ण पत्ता टाइप करतो. मुद्दाम काहीतरी छापणारं एक क्रॉनचं काम लावावं आणि त्याची मेल येते का ते पाहावं.

ज्याचं इंटरनेट वारंवार जातं त्या सर्व्हरवर मात्र मी 'नलमेलर' निवडेन. एमएसएमटीपी मेल लगेच पुढे देऊ पाहतो, जमलं नाही तर स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. नलमेलर ती रांगेत ठेवतो आणि जोडणी आली की पाठवतो.

नवा प्रोग्रॅम रुळला की जुना सेटिंगच्या फाइलसकट काढावा. मेल खात्याचा पासवर्ड त्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडलेला असतो आणि नुसता प्रोग्रॅम काढल्याने ती फाइल जात नाही.