तिसरी प्रतिज्ञा आणि देवी : पार्श्वभूमी

नागपुरात देवीउपासना आणि धम्म यांचा विषय निघाला, की चर्चा डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरीपाशी, म्हणजे हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञेपाशी, येऊन थांबते. त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. रामटेकजवळच्या नगरधनहून, म्हणजे प्राचीन नंदिवर्धनहून, राज्य करणाऱ्या वाकाटक राजघराण्याच्या शाखेची भक्ती शिव-विष्णूंकडे होती, तरी त्याच टापूतल्या हमलापुरीत बुद्धाच्या कांस्यमूर्ती मिळाल्या आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मुलांचे रक्षण करणारी हारीती बुद्धमूर्तीलगतच्या देवळीत बसली आहे. बाळाच्या पाचवीला सटवाई पुजणाऱ्या घराला तिची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. वेरूळच्या सहाव्या लेण्यातील महामायूरी या बौद्ध देवीजवळ मोर असल्याने ती अनेकदा सरस्वती समजली जाते. तारा, म्हणजे संकटातून तारणारी बौद्ध देवी, तर तिथे बोधिसत्त्वांच्या शेजारी वारंवार दिसते.

या परंपरा महाराष्ट्रात पुढे क्षीण झाल्या आणि १९५६ मध्ये धम्म स्वीकारणाऱ्या समाजापर्यंत त्या जिवंत उपासना म्हणून पोचल्याच नाहीत. त्यामुळे गौरी-गणपती इत्यादी हिंदू देवदेवतांना देव न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा घेताना त्या समाजापुढे तारा किंवा हारीती नव्हती. गौरी होती, आणि विदर्भात गौरी म्हणजे भाद्रपदात घरी येणाऱ्या महालक्ष्म्या. मुखवटे, साड्या, दुसऱ्या दिवशीचा मोठा नैवेद्य, तिसऱ्या दिवशीचे विसर्जन हा सगळा व्याप बायकांच्या हातचा. म्हणून या प्रतिज्ञेचा परिणाम देवळाइतकाच, किंबहुना अधिक, स्वयंपाकघरात आणि माजघरात झाला, आणि ती पाळण्याचे श्रेय ज्यांना द्यायला हवे त्या स्त्रियांचा उल्लेख दीक्षेच्या वर्णनांत फार कमी येतो.

वाद आहे तो प्रतिज्ञेच्या व्याप्तीचा. काहींच्या मते तिच्यात देवतेची कल्पनाच नाकारली आहे, मग ती बौद्ध लेण्यातली का असेना. दुसरे म्हणतात की शब्द स्पष्टपणे हिंदू देवदेवतांविषयी आहेत आणि तारेचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. बावीसही प्रतिज्ञा एकत्र वाचल्या तर पहिले मत आशयाला अधिक धरून वाटते, कारण रोख जन्माधारित विषमता पोसणाऱ्या कर्मकांडावर आहे आणि तारणहार बदलून ते साधत नाही. मात्र उपासना नाकारणे म्हणजे इतिहास नाकारणे नव्हे. उलट बाजूने, अमुक गावची देवी मुळात बौद्धच होती, असे सांगण्याची जी चढाओढ अलीकडे लागली आहे तिलाही पुरावा हवा. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचे देऊळ आहे, हे खरे; पण शेजार हा पुरावा नव्हे.

गेल्या काही दशकांत बौद्ध घरांतून बुद्धाची आई महामाया, पत्नी यशोधरा, सावित्रीबाई आणि रमाई यांच्या प्रतिमा आल्या. त्यांच्यापुढे नवस बोलले जात नाहीत. आदराने फूल वाहिले जाते. नागपूरजवळच्या कोराडीच्या जगदंबेला मात्र नवरात्रात पूर्वीसारखीच, किंबहुना वाढती, गर्दी असते. आणि विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यातील तिबेटी वसाहतीमुळे, तारेला पूज्य मानणारी बौद्ध परंपरा नव्याने शेजारी आली आहे. दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेल्यांची परंपरा आणि ही परंपरा एकाच बुद्धाला शरण जातात, तरी देवीविषयी त्यांच्यात संवाद अजून फारसा झालेला नाही.